धडक सर

गल्लीत भांडण झालं की लोक विचारतात, चूक कुणाची. आमचे घरमालक सर विचारायचे, "बाहेर कोण पडलं?"

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी जिन्यावरून पडलं की काय. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं आणि पाणी आलं की माणसं माणसात राहत नसत. त्या दिवशी समोरच्या दोन घरांत पाइपवरून जुंपली होती. दोघी पदर खोचून एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या. सर दारात आले, दोघींकडं नीट बघितलं आणि आपला तो प्रश्न विचारला. दोघींनी एकमेकींकडं बोट दाखवलं. तेवढ्यात सरांना पलीकडच्या खोलीतली म्हातारी दिसली. या दोघींच्या झटापटीत ती नळापासून ढकलली गेली होती आणि रिकामी घागर घेऊन भिंतीला चिकटून उभी होती. सरांनी आपला पाइप तिच्या घागरीत सोडला आणि त्या दोघींना म्हणाले, "आता चालू द्या तुमचं."

पोरं त्यांना धडक सर म्हणत. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि आयुष्यभर एकाच धडकेचा विचार केला. जड आयन वेगानं येऊन एखाद्या रेणूवर आदळला की त्यातले इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. ते किती, किती वेगानं आणि कुठल्या दिशेला, हे गणितानं सांगायचं. हे वाक्य सरांच्या तोंडचं आहे. त्यात काही चुकलं असेल तर ते माझं. मी आठवीनंतर शाळा सोडलेली बाई आहे, आणि असलं काही लिहिताना अजून माझ्या तळहाताला घाम येतो.

मला समजावं म्हणून त्यांनी आधी शेंगा आणल्या. शेंगेचं टरफल काढावं तसे अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सोलून काढले की झाला आयन, असं म्हणून सोललेले दाणे स्वतःच खाऊन टाकले. मग म्हणाले, आता असं समज, वळू उधळून गावात शिरला. वळू जड, वेगात. तो सरळ जातो, त्याला काही होत नाही. पण अंगणात ज्या कोंबड्या टिपत होत्या त्या चारी दिशांना उडतात. कुणी दुधाच्या पातेल्यावर, कुणी पापडांवर, कुणी मेथीच्या वाफ्यात. "नुकसानीचं नाव वळूवर जातं. पण निम्मं अधिक काम त्या कोंबड्यांचं असतं. मी वळूचा प्रोफेसर नाही बाई. मी कोंबड्यांचा."

माझं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं. आठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावात, एसटीची वेळ जुळायची नाही, त्यात भावाचं शिक्षण चाललेलं. कुणी मला शाळा सोड म्हणालं नाही, नुसती सुटली. पुढं सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात लागले आणि खोली बघत सरांच्या दारात आले. बाकीचे घरमालक विचारत, लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, पाहुणे किती येतात. सरांनी विचारलं, शाळेतून बाहेर कशी पडलीस. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी डॉक्टर हलवतात, आणि किल्ली दिली. मी पायऱ्या उतरून बाहेर आले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले, परत बोलावून नाही म्हणतील या भीतीनं.

सर एकटे राहत. बायको लवकर गेली होती, मुलगी लग्न होऊन विजापूरकडं. फोनवर मुलीशी कानडी, गल्लीत मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, सणाला त्यावर तूप. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून संध्याकाळी मी त्यांना आकडे वाचून दाखवायची. परदेशातल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेतून हे आकडे यायचे. तिथं पाण्याच्या वाफेवर आयन सोडून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजत. पाणीच का, असं मी विचारलं तर म्हणाले, माणूस म्हणजे बहुतेक पाणीच, सोलापूरच्या माणसात जरा कमी असेल. त्या मोजलेल्या आकड्यांशी सरांचं गणित जुळायचं, फक्त एका ठिकाणी जुळायचं नाही. काही इलेक्ट्रॉन पुढं न जाता उलटे मागं उडतात. ते सरांच्या गणितात कमी भरत. सकाळी दात घासता घासता गल्लीत ओरडून सांगत, "मागं जाणारे आजपण कमी पडले." दूधवाला म्हणायचा, अरेरे.

मी आकडा चुकीचा वाचला तर ते स्वतःवर चिडायचे, माझ्यावर कधी नाही. सुरुवातीला मी प्रत्येक आकडा दोनदा वाचायची. एक दिवस म्हणाले, एकदाच वाच, मला तुझ्यावर भरवसा आहे, तुझ्या भीतीवर नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. आता भरवसा मोडला तर काय करायचं?

त्यांच्या कपड्यांचं सांगायला हवं. आमच्या कारखान्यात कापून उरलेलं चौकड्याचं कापड मिळायचं, त्याचा मी त्यांना शर्ट शिवून दिला. कापड एका शाळेच्या गणवेशाचं होतं. मी भीत भीत दिला, तर त्यांना तो एवढा आवडला की त्याच कापडाचे आणखी शिवून घेतले. मग रस्त्यात त्या शाळेची पोरं त्यांना बघून ओळीत उभी राहायला लागली. शास्त्रज्ञांच्या एका सभेत ते तोच शर्ट घालून भाषण करून आले. लोक हसले का, असं मी विचारलं. म्हणाले, "हसले. पण शिवणीत खोट कुणाला काढता आली नाही."

शिवणीवरून आठवलं. एकदा मी दुहेरी शिलाई घालत होते आणि सर शेजारी उभे राहून बघत होते. एकदम म्हणाले, थांब, हे तर आपल्या पेशीतलंच आहे. पेशीत आत दोन दोरे एकमेकांना धरून असतात. उडालेल्या इलेक्ट्रॉननं एक दोरा तोडला तर दुसऱ्याच्या आधारानं पेशी टाका घालून घेते. दोन्ही एकाच जागी तुटले की मात्र दुरुस्ती अवघड होते, उसवतंच. मला हे लगेच समजलं आणि समजलं याचीच भीती वाटली.

पण त्यांच्या सगळ्या तऱ्हांमध्ये एक तऱ्हा अशी होती की तिनं त्यांचं नुकसानही केलं होतं. मागं उडणारे कमी पडतात ना, मग सगळ्याला एका आकड्यानं गुणा म्हणजे जुळेल, असं त्या परदेशी मंडळींनी सुचवलं होतं. जुळतही होतं. सर म्हणाले, का गुणायचं ते सांगा. ते कुणाला सांगता येईना. तेव्हा सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या लेखावरून सरांनी आपलं नाव काढून घेतलं. मला हा वेडेपणा वाटला. मी एवढंच म्हणाले की उत्तर बरोबर आलं होतं ना. त्यावर सर म्हणाले, "उत्तर बरोबर आणि कारण चूक, असं उत्तर मी दारात उभं करत नाही." किराणा दुकानदारानं आज गरम होतंय कारण ग्रहण आहे असं म्हटलं तरी सर पिशवी खाली ठेवून त्याला समजावत बसायचे, मागं गिऱ्हाइकांची रांग लागली तरी.

आता आईचं सांगते.

आईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली आणि मग शेक सुरू झाला. आमच्याकडं किरणांच्या उपचाराला शेकच म्हणतात. आई माझ्या खोलीवर राहायला आली आणि आम्ही रोज दवाखान्यात जायचो. तिच्या छातीवर पेनानं रेघा मारल्या होत्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून ती बाळाला अंघोळ घालावी तशी जपून अंघोळ करायची. सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं की हे माझे जड आयन नव्हेत, हे साधे एक्स-रे, पण आत जाऊन काम करतात ते इलेक्ट्रॉनच. मग आईकडं वळून म्हणाले, "अक्का, माझी माणसं तुमच्या कामाला लागलीत."

आई त्यांना मास्तर म्हणायची. तिला ते आवडले, कारण ते तिची भाकरी खाताना बोलत नसत.

शेक निम्म्यावर आला असताना माझी वहिनी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, माढ्याकडच्या एका गावात. मुलगा झाला, पण दिवसांआधी आलेला, मूठभर. बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी आणल्यावर बारसं ठरलं, रविवारचं. वहिनीच्या आईचा फोन आला. बोलली गोडच. या म्हणाली, पण बाळाला जरा लांबनंच बघा, तुमचा शेक चालू हाय न्हवं. अंगात किरणं असत्यात म्हणं, लेकरू नाजूक हाय.

आईनं बरं म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायची वेळ झाली तरी ती अंथरुणावरच बसून राहिली. मी रिक्षा थांबवून ठेवलेली. ती म्हणाली, आजपासून शेक बंद. रविवारपर्यंत अंगातलं उतरून जाईल, मग बाळाला घेता येईल. पुढचं पुढं बघू.

मी रडले, ओरडले, पाया पडले. डॉक्टरांनी बजावलं होतं की मध्ये खंड नको. शेवटी मी सरांच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं.

सर आले आणि आईसमोर खाली बसले. म्हणाले, अक्का, खोलीतला दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का? तसं यंत्र बंद झालं की तुमच्यात काही उरत नाही. आईनं ऐकून घेतलं. मग पदर सावरत म्हणाली, "मग मास्तर, शेक घेऊन घरी आल्यावर पन कातडी काळी पडत जाती, ती कशानं? आत काय न्हाय तर जाळतंय कोन?"

सरांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलेच. एवढा चांगला प्रश्न इतक्या वर्षांत वर्गात कुणी विचारला नव्हता, असं ते पुढं कित्येकांना सांगत. त्यांनी आईला वळू सांगितला, कोंबड्या सांगितल्या. म्हणाले, वळू गेला, कोंबड्याही गेल्या, पण वाफा तुडवला गेलाय. मेथी दोन दिवसांनी पिवळी पडते, ती वाफ्यात कोंबडी बसलीय म्हणून नाही. मग तुटलेल्या दोऱ्यांचंही सांगितलं. चांगल्या पेशी टाके लवकर घालतात, रोगट पेशींना ते तितकं जमत नाही, म्हणून रोज थोडं थोडं द्यायचं. मध्येच थांबलात तर नको त्यांनाही शिवणकामाला सवड मिळते.

"मला पटलं वो मास्तर," आई म्हणाली. "पन माज्या पटन्यानं बाळ मांडीवर येतंय व्हय?"

आईनंच तोड काढली. रविवारी बाळ मांडीवर मिळालं तर सोमवारी ती शेकाला येणार. नाही मिळालं तर गावाकडं निघून जाणार, कुणी तिला अडवायचं नाही. आई एकदा बोलली की बोलली, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

रविवारी सर आमच्याबरोबर एसटीत चढले. चौकड्याचा शर्ट आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा. किरणं मोजायचं यंत्र त्यांनी स्वतः जोडून त्या डब्यात बसवलं होतं. किरण लागला की ते टिक करतं. मला हायसं वाटलं. वाटलं, आता आईजवळ ते गप्प राहील आणि सगळं मिटेल.

बारशाचं घर माणसांनी भरलेलं. पाळणा सजवलेला, बायका गाणी म्हणत होत्या, आई उंबऱ्यापाशी बसलेली, पाळण्यापासून जितकं लांब बसता येईल तितकी. शर्ट बघून लोकांना सर शाळेतून आलेत असं वाटलं. सरांनी आपण कोण ते सांगितलं, डबा उघडला, आईच्या खांद्याजवळ धरला. आणि तो वाजला.

टिक.

पुढच्या रांगेतल्या बायका मागं सरकल्या. विहीणबाईंनी पाळण्यातून बाळ उचलून छातीशी धरलं. आईनं मान खाली घातली.

"वाजणारच," सर म्हणाले. "सगळीकडं वाजतं. मातीत असतं, दगडात असतं, आभाळातून येतं." आणि हे दाखवायला त्यांनी डबा जात्याला लावला, भिंतीला लावला, माझ्या भावाच्या पोटाला लावला. सगळीकडं थोडं थोडं वाजलं. झालं उलटंच. लोक भिंतीपासूनही लांब झाले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, घर सोडायला लागंल का. वहिनी रडायला लागली. दुसरा कुणी असता तर आईजवळ यंत्र बंद करून ठेवलं असतं. सरांना ते सुचलंही नसेल. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि त्या डब्यासकट मला पोटात घ्यावं.

विहीणबाई गावातल्या दूध संकलनाच्या केंद्रावर फॅट तपासायच्या. यंत्रं त्यांना नवी नव्हती, आणि दुसऱ्यानं तपासलेलं त्यांनी कधी मानलं नव्हतं. त्यांनी बाळ वहिनीकडं दिलं आणि हात पुढं केला. "आना हिकडं ते. मी बघते."

त्यांनी डबा आईच्या छातीपाशी धरला. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक. मग त्यांनी तो स्वतःच्या छातीला लावला. टिक. टिक टिक. थोडं थांबून पुन्हा टिक टिक.

विहीणबाई डब्याकडं बघत राहिल्या. "आत्ता गं बया. माज्यातच जास्त हाय की."

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. आणि माझी आई, जी ऑपरेशनपासून हसली नव्हती, मान वर न करता म्हणाली, "मग तुमीच लांब बसा, विहीणबाई."

सगळं घर हसलं. विहीणबाई तर डोळ्याला पदर लावून हसल्या. आणि हसता हसताच त्यांनी वहिनीकडून बाळ घेतलं, आईसमोर बसल्या आणि तिच्या मांडीवर ठेवलं. दुपट्यात गुंडाळलेलं, मूठभर. आईनं हात लावला नाही आधी, नुसती बघत राहिली. मग एक बोट त्याच्या मुठीत दिलं.

मी सरांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. ते काय बोलणार हे मला माहीत होतं, इतक्या संध्याकाळी मी त्यांना आकडे वाचून दाखवले होते. ते म्हणणार, हे टिकटिक असंच येतं, कधी झुपक्यानं, कधी विरळ. इतक्याशा वेळात ऐकून कमी-जास्त ठरत नाही, पुन्हा लावाल तर उलटंही येईल. विहीणबाईंत जास्त काही नाही, म्हणून हे कारण चूक. हे त्यांनी म्हटलं असतं तर विहीणबाईंनी पुन्हा लावून बघितलं असतं. मी हात जोडले नाहीत, डोळ्यांनी खुणावलंही नाही. माझी तेवढी हिंमत नव्हती.

सरांनी तोंड मिटलं. डबा हातात घेऊन बंद केला, टॉवेलात गुंडाळला. तेवढ्यात कुणीतरी घुगऱ्यांची वाटी पुढं केली, तर मोठी मूठ भरून तोंडात कोंबली आणि पुन्हा कोंबली, बोलायला जागाच उरू नये अशी.

परतीच्या एसटीत आई खिडकीला टेकून झोपली होती. तिच्या पदराला बाळाचं काजळ लागलं होतं. सर ताठ बसलेले, आजारी असल्यासारखे. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडली तेव्हा मला म्हणाले, "मी खोटं बोललो नाही ना?"

"नाही सर. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"तेच."

आता मी इकडं तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात आहे. भोवती सगळे तमिळ बोलतात आणि एक टाका उसवला की मला अजून धडकी भरते. फोनवर सर सांगतात, मागं जाणारे अजून कमी पडतात. आई गावाकडं आहे, नातू तिला दिवसभर पळवतो. सरांचं नि आईचं बोलणं ऐकलं की मला बारसं आठवत नाही, त्यानंतरचा सोमवार आठवतो.

सोमवारी आई सगळ्यांत आधी तयार झाली. सरही आमच्याबरोबर आले. दवाखान्यात शेकाच्या खोलीबाहेर बायका नंबर येईपर्यंत बाकावर बसतात. आईनं बसल्या बसल्या रविवारची सगळी हकिकत सांगितली, विहिणीत तिच्यापेक्षा जास्त कसं निघालं ते रंगवून. बायका हसल्या. एक तरुण बाई मात्र हसली नाही. शेक सुरू झाल्यापासून ती घरात वेगळी निजत होती, पोरगी रडली तरी जवळ घेत नव्हती. तिनं विचारलं, हे खरं का हो.

"मला काय इचारतीस," आई म्हणाली, "हे मास्तर हायत की हितं. त्यास्नी इचार."

सगळ्यांनी सरांकडं बघितलं. ते बाकाच्या टोकाला बसले होते, चौकड्याच्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर. विहिणीचं मोजमाप चुकीचं होतं, हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ती बाई थांबली होती.

"पोरीला जवळ घे, बाई," सर म्हणाले. "आज घरी गेल्या गेल्या घे. एवढं खरं आहे."

तेवढ्यात आतून आईचं नाव पुकारलं. तिनं चपला बाकाखाली सारल्या आणि मागं न बघता आत गेली.